गोदीतली व्हर्ना

नवा खेळाडू पहिल्या दिवशी काय विचारतो, हे मी आता झोपेतसुद्धा सांगू शकते. "सगळ्यात मोठं जहाज कधी मिळेल?" ओळख नाही, पाळख नाही, एकदम मोठं जहाज. अरे बाबा, तुला अजून गोदीतून बाहेर पडायचं दार सापडलेलं नाही!

मी नोरीन. ब्रँडन शहरात कर्लिंगचा क्लब आहे, बर्फावरून जड दगड सरकवायचा खेळ, तिथे मी बर्फ करते. म्हणजे पट्ट्या सपाट ठेवायच्या, त्यांवर पाण्याचे थेंब शिंपडायचे, आणि स्वतःला दगड नीट सोडता येत नसला की लोक बर्फाला ज्या शिव्या घालतात त्या ऐकून घ्यायच्या. रविवारी दुपारी मात्र मी अवकाशात असते. 'लांबचं बंदर' नावाचा कॉम्प्युटरवरचा खेळ आहे, जगभरची माणसं एकाच वेळी त्यात जहाजं हाकत असतात. आमच्या टोळीचं नाव 'संथ कासवं', आणि टोळीत येणाऱ्या नव्यांची शाळा मी घेते. मला कुणी नेमलं नाही. मला दुसऱ्यांच्या चुका बघवत नाहीत, एवढंच.

या खेळात तुमचा कप्तान घड्याळावर शिकतो. एक धडा लावून द्यायचा, की तुम्ही झोपा, कामावर जा, भांडणं करा, कप्तानाचं शिकणं चालूच. त्यामुळे कुठला धडा आधी आणि कुठला नंतर, यावर लोक डोकी फोडून घेतात. माझं सांगणं वर्षानुवर्षं एकच आहे. आधी ढाल, इंजिन आणि दुरुस्ती शिका, तोफा कुठे पळून जात नाहीत. जहाज लहान घ्या. एक काम पुरतं येऊ द्या, मग दुसऱ्याला हात घाला, नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या. आणि शेवटचा नियम मी टेबलावर हात आपटून सांगते, कारण या खेळात फुटलेलं जहाज परत मिळत नाही: जे गमावणं सोसणार नाही, ते घेऊन गोदीबाहेर पडायचं नाही.

नियम डोक्यात उतरावा म्हणून आमच्यात एक रीतही आहे. नव्या खेळाडूचं पहिलं जहाज आम्हीच फोडतो. सगळे जमतात, बेसूर गाणी म्हणतात आणि तोफा डागतात. याला आम्ही आंघोळ म्हणतो. जहाजाच्या चिंधड्या होतात, खेळाडू सुटकेच्या कुपीत तरंगत राहतो, आणि त्याच्या लक्षात येतं की आपल्याला काहीच झालेलं नाही. मग त्याला तसलंच नवं जहाज भेट. आंघोळ झालेला माणूस पुढे कशाला घाबरत नाही. न झालेला जन्मभर गोदीच्या भिंतीला पाठ लावून बसतो.

ओरेस्ट तसा बसला.

त्याला आमच्याकडे आणलं त्याच्या मुलीनं, लॅरिसानं. लॅरिसा सॅस्कॅटूनला जनरेटर दुरुस्त करते आणि आमच्या टोळीत सगळ्यांच्या पुढे धावून पुढचा रस्ता तपासून येते. तिचं जहाज कागदासारखं पातळ आणि जीभ सुरीसारखी. "टाटो घरी एकटाच असतो," ती म्हणाली होती. वडलांना ती टाटो म्हणते, त्यांच्याकडे तसंच म्हणतात. "आई गेल्यापासून नुसता हवामानाच्या बातम्या बघत बसतो. मी रोज फोन केला तर रोज मला पाऊस सांगतो. निदान इथे भेटेल तरी."

यॉर्कटनच्या पलीकडे एका लहान गावात हा माणूस उभं आयुष्य धान्याच्या कोठारावर होता. सत्तरी कधीच ओलांडलेली. आमच्यात बहुतेक सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, पण त्याच्याशी पहिल्यांदा बोलताना मी आपसूक सावरून बसले. असा विद्यार्थी मला कधी मिळाला नव्हता. मी ढाल म्हटलं की ढाल. दुरुस्ती म्हटलं की दुरुस्ती, तीही शेवटच्या पायरीपर्यंत. तोफांकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. मोठ्या जहाजाचं नाव काढलं नाही. मी बाकीच्यांना त्याचं उदाहरण द्यायला लागले होते.

दर रविवारी आम्ही कानाला हेडफोन लावून गप्पा मारत खेळत असू. मध्येच ओरेस्ट म्हणायचा, "एक मिनिट हं, गाडी चालू करून येतो." हेडफोन टेबलावर, माईक तसाच उघडा. त्याचा कॉम्प्युटर गॅरेजला लागून असलेल्या खोलीत होता. त्यामुळे आधी गॅरेजचं दार करकरत वर जायचं, मग एक इंजिन खोकायचं, लागायचं, थोडा वेळ घुरघुरायचं, बंद व्हायचं. दार खाली. "हं, आलो." या शिस्तीचंही मला कौतुक होतं. माझी गाडी थंडीत बंद पडली की मी तिला लाथ मारते.

फक्त एक गोष्ट होत नव्हती. ओरेस्टची आंघोळ.

"आजोबा, येताय ना आज?" ड्वेन दर रविवारी विचारायचा. ड्वेन डुलुथचा वेल्डर, आवाज असा की हेडफोन काढून ठेवला तरी ऐकू येतो. "गाणं बसवलंय तुमच्यासाठी!"

"आज नको रे. ढालीची एक पायरी राहिलीय."

पुढच्या रविवारी इंजिनाचा धडा राहिलेला असायचा. त्याच्या पुढच्या रविवारी दुरुस्तीचा.

"आजोबा, तुमचा कप्तान आता कॉलेजात शिकवायला लागेल," ड्वेन म्हणायचा. "तुम्ही बाहेर कधी येणार? गोदीवाले तुम्हाला फर्निचर समजून रंग देतील!"

सगळे हसायचे. ओरेस्टही हसायचा आणि जागचा हलायचा नाही. मीच त्याची बाजू घ्यायचे. "हळू शिकतोय तर शिकू दे. तुझ्यासारखा पहिल्याच दिवशी सूर्यात तर नाही घुसला."

ऑक्टोबरात, आमच्याकडच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आठवड्यात, मी क्लबात मोसमाचा पहिला बर्फ धरत असताना लॅरिसाचा फोन आला. ही पोर कधी फोन करत नाही.

"नोरीन, मी बुधवारी चाललेय. उत्तरेला. हवामान केंद्रावर जनरेटर सांभाळायचं काम मिळालंय, पूर्ण हिवाळाभर."

"अगं वा! मग रडवेली का?"

"तिथे इंटरनेट नावापुरतं आहे. खेळ चालणार नाही. म्हणजे हा रविवार शेवटचा. मी टाटोला या खेळात कशाला आणलं? त्याच्याबरोबर एकदा जोडसूर्य बघायचे होते. बाकी काही नाही. शेजारी शेजारी जायचं, दोन सूर्य बघायचे, परत यायचं. आणि तो गोदीतून बाहेर येत नाही! विमानतळावर सोडायला ये म्हटलं, तर म्हणतो, माझ्या जुन्या पिकअप ट्रकला हायवे झेपणार नाही. माझ्यासाठी त्याच्याकडे सगळ्याला कारण आहे, नोरीन. मला वाटतं, मी जाणं त्याला बघायचंच नाहीये."

फोन ठेवला आणि माझं डोकं तापलं. बर्फाच्या पट्टीवर पाणी मारून मी तडक घरी आले, हेडफोन चढवला आणि ओरेस्टला गाठलं. होताच तो, गोदीत.

"ओरेस्ट, पुरे झाली आता नाटकं. तुझ्या कप्तानाला सगळं येतं. तुला काय येतं? डावीकडे वळता येतं?"

"नाही," तो सरळ म्हणाला.

"मग शिकणार कधी? पोरगी बुधवारी चाललीय!"

"माहितीय मला."

"मग?"

"तूच सांगितलंस की." त्याच्या आवाजात जराही राग नव्हता, उलट मला विसर पडला असेल म्हणून आठवण करून देत होता. "जे गमावणं सोसणार नाही, ते घेऊन बाहेर पडायचं नाही. मी पाळतोय ते."

"अरे, ते जहाज फुकट मिळतं! सगळ्यांना तेच मिळतं!"

"जहाजाचं नाव बघितलंस का तू?"

मी कधी बघितलं नव्हतं. प्रत्येक जहाजाला मालकानं ठेवलेलं नाव असतं, बहुतेकांचं वाह्यात. आता बघितलं. व्हर्ना.

"बायको माझी," ओरेस्ट म्हणाला. "पहिल्या दिवशी खेळानं नाव विचारलं. मला दुसरं सुचलंच नाही. आणि मग तुम्ही म्हणालात, आता हे आपण फोडू, गाणी म्हणत."

मी ते नाव पुन्हा वाचलं.

"गॅरेजमधली ती गाडीही तिचीच," तो पुढे म्हणाला. बोलायला लागला होता, मीही थांबवलं नाही. "पिवळी. फार जोरात हाकायची ती. पोलीससुद्धा तिला नावानं ओळखायचे. बॅटरी उतरू नये म्हणून चालू करतो फक्त. सीट तिनं ठेवली होती तशीच आहे, अगदी पुढे, बुटकी होती ना. मी आत बसत नाही. दारातून हात घालून किल्ली फिरवतो."

मी म्हटलं, "बरं." मग म्हटलं, "रविवारी ये मात्र." तो म्हणाला, येईन, गोदीत असतोच.

रात्रभर तळमळले नाही मी, पण जेवण गेलं नाही. इतकी वर्षं टेबल आपटून नियम सांगत होते, आणि आज्ञाधारक विद्यार्थ्यानं तो असा पाळला की मुलीला टाटा करायलाही त्याला घराबाहेर पडता येईना. माझ्याच हातानं घातलेला धोंडा, आणि पाय दुसऱ्याचा! दुसऱ्या दिवशी बर्फ घासताना मात्र ट्यूब पेटली. बर्फावर कुणी खेळलं नाही म्हणून तो चांगला राहतो असं नाही. नुसत्या पडून राहिलेल्या बर्फावर खरखरीत दव धरतं, आणि मग त्यावर दगड सरकत नाही. मी तशीच ओल्या हातानं ड्वेनला फोन लावला.

रविवारी दुपारी ओरेस्ट आला, नेहमीसारखा वेळेवर. मी म्हटलं, "ओरेस्ट, गोदीत कोण कोण उभं आहे, जरा यादी उघड."

त्यानं उघडली असावी. कारण त्याचा श्वास ऐकू आला.

यादीत होती व्हर्ना. तिच्याखाली व्हर्ना. तिच्याखाली पुन्हा व्हर्ना. आम्ही सगळ्या टोळीनं आपापल्या जहाजांची नावं बदलली होती. लॅरिसाच्या कागदी जहाजाचं नाव व्हर्ना, माझ्या म्हाताऱ्या मालवाहूचं व्हर्ना, आणि ड्वेनच्या अगडबंब धुडाचंही व्हर्नाच.

"माझा नियम चुकला होता," मी म्हटलं. "नवा ऐक. जे गमावणं सोसणार नाही, ते घेऊन एकट्यानं बाहेर पडायचं नाही. आज तू एकटा नाहीस."

ओरेस्ट म्हणाला, "तो जाडा कोण?"

"मी, आजोबा," ड्वेन इतक्या हळू म्हणाला की मला वाटलं दुसराच कुणी बोलतोय.

"व्हर्नानं तुला झाडूनं मारलं असतं."

लॅरिसा फसकन हसली, आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला. "टाटो, चल ना रे."

"चल," ओरेस्ट म्हणाला, "पण दार कुठंय?"

दार सापडलं. त्यातून तो बाहेर आला तो उलटा. मग त्यानं गोदीच्या भिंतीला धडक दिली, माझ्या मालवाहूला घासला आणि थांबायचं कसं हे ठाऊक नसल्यामुळे तसाच सरळ निघाला. कप्तानाला सगळ्या विद्या अवगत, आणि हाकणाऱ्याला ब्रेक सापडत नाही! लॅरिसा पुढे पळत होती, "डावीकडे टाटो, डावीकडे! तुझ्या डावीकडे!" आणि मागून ड्वेन त्याच्यासाठी बसवलेलं गाणं म्हणत होता. त्याला चाल नव्हतीच, शब्दही बेताचे होते. एक वेस ओलांडली, दुसरी ओलांडली. अवकाशात एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जायला या वेशी असतात, आणि शेवटच्या वेशीपलीकडे कायदा नाही. तिथेच जोडसूर्य आहेत.

एक तांबडा, एक निळा, एकमेकांभोवती संथ फिरणारे. मी शंभरदा बघितलेत. त्या दिवशी बापलेकीची जहाजं त्यांच्यासमोर शेजारी शेजारी थांबली, म्हणजे लॅरिसा थांबली आणि ओरेस्ट तिला टेकला. ड्वेननं गाणं थांबवलं.

"तुझ्या आईला आवडलं असतं," ओरेस्ट म्हणाला.

"आई थांबली नसती इतका वेळ," लॅरिसा म्हणाली.

तेवढ्यात चाचे आले. येणारच होते, जोडसूर्यांना बघायला येणाऱ्या भोळ्या माणसांवरच त्यांची चूल पेटते. चार-पाच काळी जहाजं आमच्याभोवती पसरली, आणि सगळ्यांना दिसणाऱ्या फळ्यावर त्यांच्या म्होरक्यानं लिहिलं, "एवढ्या सगळ्या व्हर्ना? कोण ही व्हर्ना?"

ओरेस्ट एका बोटानं टाईप करतो. त्याला वेळ लागला, पण चाचे थांबले, कुतूहल कुणाला नसतं! "माझी बायको," त्यानं लिहिलं. "दोन वर्षं झाली जाऊन. मुलगी बुधवारी लांब चाललीय, तिला फिरवायला आणलं."

मग म्होरक्यानं लिहिलं, "वाईट वाटलं, आजोबा." आणि लगेच तोफा सुरू केल्या. चाचे ते चाचे.

"वेशीकडे पळा!" मी ओरडले. पण चाच्यांनी मिळून लॅरिसाला धरलं होतं. पातळ जहाज, पहिल्या तडाख्यात ढाल निम्मी झाली.

"लॅरिसा, तू सरळ जा," ओरेस्ट म्हणाला. तो आवाज कोठारावरचा असणार, ट्रकवाल्यांना रांगेत लावणारा. "मी दुरुस्ती लावतो."

महिनोन्‌महिने गोदीत बसून शिकलेली दुरुस्ती! त्याच्या जहाजातून निळी किरणं निघाली आणि लॅरिसाच्या जहाजाला लागली. तिची ढाल भरायला लागली. चाच्यांनी फोडावी, यानं भरावी. असली दुरुस्ती आमच्या टोळीत दुसऱ्या कुणाला येत नाही, मलाही नाही. चाच्यांच्याही ते ध्यानात आलं आणि त्यांनी तोफा ओरेस्टकडे वळवल्या.

"टाटो, स्वतःवर लाव! तुझी ढाल जातेय!"

"तुझी वेस आली का?"

"टाटो!"

"आली का वेस, विचारतोय."

"आली," लॅरिसा म्हणाली, आणि वेशीतून पार झाली.

मग व्हर्ना फुटली. पांढरा लोळ उठला, तुकडे जोडसूर्यांच्या उजेडात चमकत पांगले. सुटकेची कुपी एका बाजूला गरगरत गेली. मी माझ्या खुर्चीत हात तोंडावर ठेवून बसले होते, आणि मला स्पष्ट वाटत होतं की मी एका भल्या माणसाचं फार मोठं नुकसान केलंय.

"टाटो?" लॅरिसा म्हणाली.

"एवढंच?" ओरेस्ट म्हणाला.

"काय एवढंच?"

"एवढंच असतं होय हे?" आणि तो हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून, मग खोकला येईपर्यंत. "अरे, आवाज सुद्धा धड आला नाही! आणि मी उन्हाळाभर घाबरतोय!"

"झाली, आजोबांची आंघोळ झाली!" ड्वेन गरजला, आणि आम्ही सगळेच हसत सुटलो, लॅरिसाचं हसणं तर ऐकवत नव्हतं इतकं रडकं होतं. चाच्यांनी मात्र कुपीला हात लावला नाही. म्होरक्यानं फळ्यावर लिहिलं, "जपून जा."

गोदीत ड्वेननं नवं जहाज तयार ठेवलं होतं. त्याला नाव काय द्यायचं, हे ओरेस्टनं ठरवायचं होतं. तो म्हणाला, "थांबा. आधी गाडी चालू करायची राहिलीय."

हेडफोन टेबलावर. दार करकरत वर गेलं. इंजिन खोकलं, लागलं, घुरघुरलं. आम्ही नेहमीसारखे ते बंद व्हायची वाट बघत राहिलो. ते बंद झालं नाही. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मग चाकांखाली खडी वाजली, आणि इंजिनाचा आवाज लांब लांब जात ऐकू येईनासा झाला.

"गाडी घेऊन गेला," लॅरिसा कुजबुजली.

कुणीही जागेवरून उठलं नाही. अखेर खडी पुन्हा वाजली, दार खाली आलं, खुर्ची करकरली आणि ओरेस्ट धापा टाकत बसला.

"सीट मागे सरकवली मी," तो म्हणाला. "गुडघे लागत होते."

"बरं केलंस, टाटो."

"फार जोरात पळते गं ती गाडी. पेट्रोल भरून ठेवलंय," तो म्हणाला. "बुधवारी तुझं विमान कितीला आहे?"